जांभळे ओठ

ग्यानबा जॉबरनं माझं जे लाकूड वाया घालवलं त्याची भरपाई मला मिळाली नाही. हे आधीच सांगून टाकतो. पुढं त्याच्याबद्दल चार चांगली वाक्यं आली, तर माझा राग गेला असं वाचणाऱ्यानं समजू नये. राग आहे तिथंच आहे. पण ज्या माणसावर आपला एवढा राग आहे तो इतक्या वेळा का आठवतो, याचा विचार मी अलीकडं करायला लागलो आहे. म्हणून हे लिहायला घेतलं.

मी मूळचा जेऊरचा. सोलापुरात आलो तेव्हा गिरणीच्या फाटकाबाहेर चामड्याच्या वाद्या विकायचो. वाद्यांवरून दोऱ्यांवर, दोऱ्यांवरून धोट्यांवर आलो, आणि शेवटी दोन गिरण्यांना धोटे पुरवण्याचं काम माझ्याकडं आलं. मला कुणी हात दिला नाही. जे मिळवलं ते घासाघीस करून. माझ्याशी भाव करायला बसलेला माणूस उठताना घाम पुसतच उठायचा, अशी माझी ख्याती होती. ती ख्याती ग्यानबानं एका दुपारी घालवली. पण ते नंतर.

ग्यानबा करकंबचा. साचेखात्यात, म्हणजे जिथं कापड विणलं जातं तिथं, साच्यांच्या, म्हणजे यंत्रावरच्या मागांच्या, एका लाईनीवर तो जॉबर होता. जॉबर म्हणजे माणसं कामाला लावणारा, त्यांच्याकडून काम करून घेणारा आणि साचा बिघडला की दुरुस्त करणारा. ठेंगणा, रुंद, पायांत किंचित बाक. डोक्याचा कायम गोटा. केस साचा फिरवणाऱ्या पट्ट्यात जातात म्हणून त्यानं केसच ठेवले नव्हते. धोतर पैलवानासारखं आवळून, बोटात अंगठी नाही, कानात बाळी नाही. आवाज मात्र असा, की लग्नाच्या पंगतीत त्यानं मीठ मागितलं तर वाढप्याच्या हातातलं ताट पडावं. त्यात त्याचा दोष नव्हता. साचेखात्यात एवढा खडखडाट असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तिथली माणसं एक तर ओरडतात, नाही तर आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात. या टोकाचा विणकर त्या टोकाच्या विणकराला ओठांनी विचारतो, बायकोला बरं आहे का, आणि तो ओठांनीच सांगतो, माहेरी गेली. मध्ये उभ्या असलेल्या माझ्यासारख्याला त्यातलं काही कळत नाही. ही विद्या ग्यानबाइतकी दुसऱ्या कुणाला साधलेली मी पाहिली नाही. रस्त्यापलीकडच्या दुकानात कोण काय कुजबुजतंय हे तो विडी ओढत सांगायचा.

सकाळचा भोंगा झाला की तो खात्याच्या दारात उभा राही. आत जाणाऱ्या प्रत्येकाला त्याच्यासमोर थांबावं लागे. धोतराचा सोगा लोंबता असेल तर खोच. पटक्याचा शेमला बाहेर असेल तर आत घाल. दोन बोटं कमरेशी नेऊन आत खुपसायची, ही त्याची खूण. तोंडानं सांगायचे कष्ट घ्यायचा नाही. आणि शेवटी एकच प्रश्न, "जेवलास का?"

न जेवलेल्याला तो आत सोडत नसे. दारामागं एक फडकं असायचं, त्यात त्याच्या बायकोनं दिलेल्या भाकरी असायच्या. त्यातली चतकोर हातात द्यायचा आणि तिथंच उभ्यानं खायला लावायचा. कुणी म्हणालं, "जॉबरदादा, उपास हाय," तर म्हणायचा, "मग घरी कर की उपास. हितं उपाशी माणसाला भवंड आली तर पट्टा थांबून पाणी पाजणार हाय व्हय?"

तो संत नव्हता, हेही सांगतो. कामाला लावताना इतर जॉबर घेत तसं तोही घ्यायचा. दसऱ्याला नारळ, पटका आला पाहिजे. शिव्या तर अशा, की लिहिता येत नाहीत. एकदा चालू साच्याखाली हात घालून सुताचं तूस काढणाऱ्या एका पोरगेल्या विणकराच्या त्यानं सगळ्यांदेखत कानाखाली वाजवली. तो रडायला लागला तेव्हा म्हणाला, "रड. रडायला दोन हातांनी डोळं पुसतोयस न्हवं? बास झालं मग."

नवा माणूस आला की त्याचा एक कार्यक्रम ठरलेला. करकंबहून येताना तो ऊस आणायचा. नव्या माणसाला साच्याच्या दातेरी चाकांपाशी नेऊन उसाचं कांडं त्या चाकांत घालायचा. कांडं आत जायचं आणि पलीकडून चोथा यायचा. तो चोथा त्या माणसाच्या तळहातावर ठेवायचा आणि म्हणायचा, "आता तुजं बोट दे." माणूस हात मागं घ्यायचा. मग ग्यानबा हसायचा आणि उरलेला ऊस मोडून सगळ्या लाईनीला वाटायचा. चाकांत रस गेला म्हणून मास्तर, म्हणजे साचेखात्याचे साहेब, ओरडायचे. ग्यानबा म्हणायचा, "रगत जाण्यापरीस रस गेला बरा की, साहेब."

माढ्याकडून आलेल्या एका जवान माणसाच्या दंडाला चामड्याच्या वादीत ओवलेला चांदीचा ताईत होता. आईनं बांधलेला. तो काढायला तयार होईना. मी तिथंच उभा होतो. वाटलं, आता कानाखाली बसणार. पण ग्यानबानं सुताच्या कांडीवरचा एकपदरी धागा तोडून घेतला, वादी कापली, ताईत त्या धाग्यात ओवला आणि परत बांधला. "देव राहू दे. दोरी बदल," म्हणाला. "पट्ट्यानं वडलं तर दोरी तुटाय पायजे, दंड न्हाय."

पुष्कळ जण म्हणत, याच्या डोळ्यांदेखत कुणाचा तरी हात गेला असणार, त्याशिवाय माणूस असा होत नाही. मी एकदा सरळ विचारलं. तो खवळला. "कुणाचा तरी हात गेल्यावरच अक्कल येती व्हय रे? तसं आसंल तर हात किती लागत्याल?"

त्याचं आणि माझं पहिलं भांडण उपरण्यावरून झालं. धंदा बरा चालायला लागल्यावर मी जरीकाठी उपरणं घेतलं होतं. ते खांद्यावर टाकून मास्तरांना नमुने दाखवायला निघालो. दारात ग्यानबानं दोन बोटं कमरेशी नेली.

मी म्हणालो, "मी काय तुझ्या लाईनीवरचा आहे का? मास्तरांनी बोलावलंय मला."

"खोच."

"मी व्यापारी माणूस आहे, ग्यानबा."

"जेऊरकर," तो म्हणाला. सगळं सोलापूर मला शेट म्हणायला लागलं तरी तो जेऊरकरच म्हणायचा. "तू शेट हायेस हे मला ठावं हाय. पट्ट्याला कुणी सांगितलंय?"

आणि माझं उपरणं ओढून त्यानं माझ्या कमरेला करकचून गुंडाळलं, बैलाला झूल बांधावी तसं. विणकर हसले. मी त्याला नको ते बोललो. तसाच, कंबर बांधलेला, मास्तरांपुढं गेलो. मास्तर हसले आणि भावात मला दबवून गेले. कमरेला उपरणं बांधलेल्या माणसाला ताठ भाव सांगता येत नाही, हे त्या दिवशी कळलं.

आता धोट्याचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. धोटा म्हणजे लाकडाची छोटी होडी म्हणा. तिच्या पोटात सुताची कांडी बसते आणि ती ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून, इकडून तिकडं धावत आडवा धागा घालते. कांडी संपली की नवी बसवायची आणि तिच्या सुताचं टोक धोट्याच्या कडेला असलेल्या चिनी मातीच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. ते कसं काढायचं? भोकाला ओठ लावायचे आणि जोरात आत ओढायचं. फुर्रकन टोक ओठांवर येतं. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम होतं. दिवसभर प्रत्येक विणकर हेच करायचा. त्याचा बाप हेच करायचा. सुताबरोबर तूस, तेल, रंग, सगळं घशात जायचं. विणकर आजारी पडला की त्याच्या साच्यावर बदली माणूस यायचा आणि तोच धोटा तोंडाला लावायचा. साचा नीट चालतो का हे पाहताना जॉबरही तेच करायचा. पट्ट्यात सोगा जाऊ नये म्हणून जीव टाकणारा ग्यानबा दिवसातून सगळ्या लाईनीचे धोटे ओठांना लावत हिंडत होता, आणि यात काही वावगं आहे असं त्याला वाटलं नव्हतं. कुणालाच वाटलं नव्हतं. मला तर वाटायचं कारणच नव्हतं. माझे धोटे खपत होते.

त्या दिवशी नरसय्याच्या साच्यावर लुगड्याच्या पदरासाठी जांभळं सूत लावलं होतं. नरसय्या त्या लाईनीतला सगळ्यात चांगला हात. तेलुगू विणकर, पिढीजात मागवाला. अलीकडं खोकायचा, पण साचेखात्यात कोण खोकत नाही? रंग कच्चा होता. दुपारच्या सुट्टीत मी फाटकासमोरच्या चहाच्या दुकानात बसलो होतो आणि ग्यानबाची लाईन बाहेर आली. आधी नरसय्या दिसला. त्याचे ओठ जांभळे. ते समजण्यासारखं होतं. मग विठू आला, लाईनीतला जुना विणकर. त्याच्या साच्यावर पांढरं सूत होतं, पण ओठ जांभळे. त्याच्या मागच्याचेही. त्याच्याही मागच्याचे. आणि सगळ्यांत जांभळे ओठ खुद्द ग्यानबाचे.

मला राहवलं नाही. उपरण्याचा राग मनात होताच. मी ओरडलो, "काय रे ग्यानबा, सगळी लाईन एकाच बाईचा मुका घेऊन आली वाटतं?"

दुकानात हशा पिकला. विठू लाजून पंच्यानं तोंड पुसायला लागला. ग्यानबा हसला नाही. चहावाल्याच्या आरशाचा तुकडा खांबाला टांगलेला होता, त्यात त्यानं तोंड पाहिलं. मग वळून एकेकाच्या तोंडाकडं बघायला लागला. दारात धोतरं बघायचा तसंच, एका टोकाकडून. शेवटी नजर नरसय्यावर येऊन थांबली. नरसय्या पंचा तोंडाशी धरून खोकत होता.

चहा न घेताच ग्यानबा वळला आणि गिरणीत परत गेला.

त्यानं नरसय्याला धर्मार्थ दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी क्षय सांगितला. दुसऱ्या दिवशी नरसय्याला साच्यावरून काढून ग्यानबानं घडीखात्याच्या उघड्या पडवीत बसवलं. मी तिथं गेलो तेव्हा दोघांची जुंपलेली.

"अन्ना, तू माझा माग काढून घेतला," नरसय्या म्हणत होता. "मागावाचून आमच्यात माणूस म्हंजे काय? बायकांसारखा घड्या घालू?"

"घाल. हितं वारा हाय, ऊन हाय."

"तू दोस्त न्हाय. दुश्मन हाय."

"आसू दे दुश्मन," ग्यानबा म्हणाला. "जेवलास का?"

नरसय्यानं पाठ फिरवली. नंतर तो पुष्कळ वर्षं जगला असं नाही. पण गेला तो उन्हात, वाऱ्यात बसून, आणि शेवटच्या महिन्यांत भाकरी ग्यानबाच्याच फडक्यातली खायचा.

मग ग्यानबा माझ्या दुकानी आला. गिरणीची सुट्टी होती. उन्हातून येऊन समोरच्या फळकुटावर बसला आणि खिशातून माझाच एक धोटा काढला.

"जेऊरकर, ह्याला आता तोंड लावायचं न्हाय."

"मग काय लावायचं?"

"बोट. ह्यो मातीचा डोळा काढ. पितळेचा बशीव, खाच पाडलेला. सूत वरनं आत सरकंल. वडायचं कामच न्हाय."

मी म्हणालो, हे परदेशी लाकूड आहे. डोळा उपटला की उभं चिरतं. माझा सगळा नवा माल गोदामात येऊन पडलाय, गिरणीनं तो घ्यायचं कबूल केलंय, आणि कबुलीला कबुली म्हणतात.

"मास्तरला मी बोललोय. माझ्या लाईनीवर आदी करून बघायचं. कापड कमी पडलं न्हाय तर सगळ्या खात्याला घेत्याल."

"आणि कमी पडलं तर?"

"तर माजी जॉबरकी जाती. तसा शब्द देऊन आलोय."

हे त्यानं अगदी सहज सांगितलं. जॉबरकी म्हणजे काय हे गिरणगावातल्या माणसाला सांगायला नको. मान, भाकरी, दसऱ्याचा पटका, सगळं त्यात आलं. पण धंदा म्हणजे धंदा. मी म्हणालो, असं काम करणारा कारागीर सोलापुरात नाही, आणि माल बघून येतो म्हणून आत गेलो. आत माझा मेहुणा शिवा होता. मी त्याच्या कानाशी लागून म्हणालो, "मागच्या आळीतला तांबट हे करून देईल. पण याला सांगू नको. दोन दिवस दम काढू दे, मग आपण म्हणू तो भाव देतील."

बाहेर आलो तर ग्यानबा उभा राहून धोतर झटकत होता.

"मागच्या आळीत कंच्या बाजूला राहतो त्यो तांबट?" त्यानं विचारलं. "आन दोन दिस कशाला? आताच जाऊ की."

दार उघडं होतं आणि माझं तोंड त्याच्याकडं होतं. शिवा एवढा हसला की त्याला ठसका लागला. आयुष्यात मी पुष्कळ सौदे हरलो असेन, पण माझेच पत्ते माझ्याच ओठांवरून वाचून मला हरवणारा हा एकटाच. तांबटाकडं गेलो. डोळे उपटताना लाकडं फुटली, मी सांगितलं होतं तशीच. चांगली निघाली तेवढ्यांचे पैसे गिरणीनं दिले. फुटलेली माझ्या अंगावर. मी ग्यानबाला म्हणालो, "हे नुकसान माझं झालंय, एवढं तरी तोंडानं कबूल कर." तो म्हणाला, "लाकूड फुटलं रे. छाती फुटली न्हाय." हे कबुलीजबाबात बसत नाही.

नवे धोटे लाईनीवर आले आणि खरी मारामारी सुरू झाली. विणकरांची कमाई कापडावर. हात मंदावला की कमाई गेली. आणि सवय अशी की धोटा हातात आला की आपोआप तोंडाकडं जाई. खाच असूनही माणसं ओठ लावून ओढत. ग्यानबानं काय केलं, तर कडुलिंबाचा पाला ठेचून त्याचा रस प्रत्येक धोट्याच्या डोळ्याला चोपडून ठेवला. सकाळी एकेक जण थू थू करायला लागला. कांड्या भरणाऱ्या बायकांतली गोदाबाई दारातून हे बघत होती. पदराआड तोंड घेऊन ती म्हणाली, "आगं बया! अंगावरचं पेणारं प्वार तोडायला लावत्यात तसं लावलं की ह्यानं मिशीवाल्यांना!" ती गोष्ट गिरणीभर झाली. नंतर धोट्याकडं तोंड नेणाऱ्याला शेजारचा ओठांनी नुसतं 'आई' म्हणायचा, की हात खाली.

विठूचा राग मात्र वेगळा होता. तो मला चहाच्या दुकानात सगळ्यांसमोर बोलला, "तोंडाचं काम हाय म्हणून साचेखात्यात आपलीच माणसं राहिली. बाकीच्यांना सूतखात्यात ठेवलंय. ह्या खाचेनं ती भिंतच पडंल. उद्या कुणाचाबी हात चालंल म्हणत्याल." म्हणजे ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्यांना साचा न देण्याचं जे निमित्त होतं, ते जाणार होतं. तोवर मी हा विचारच केला नव्हता. ग्यानबा पलीकडच्या बाकावर होता. म्हणाला, "चालंल की. धुतलेला आसला म्हंजे झालं. नरसय्याचा खोकला तुज्या छातीत शिरताना जात इचारून शिरला व्हता व्हय रे?" विठू उठून गेला. मी ग्यानबाच्या बाजूनं बोललो नाही, विठूच्याही नाही. दोघंही माझी गिऱ्हाइकं.

पहिल्या पगाराला लाईनीचं कापड कमी भरलं. मास्तरांनी ग्यानबाला बोलावलं. विणकरांनी त्याला घेरलं ते वेगळंच. त्या आठवड्यात तो पहिल्यांदाच दारात 'जेवलास का' विचारायला विसरला, असं मला विठूच म्हणाला, आणि म्हणताना त्याला बरं वाटत नव्हतं. मास्तरांनी पुढच्या पगारापर्यंत मुदत दिली. त्यानंतर जुने धोटे परत, आणि ग्यानबा जॉबरकी जाऊन बदली माणसांत.

घोडं अडत होतं ते सुताचं टोक सापडण्यावर. ओढीत टोक आपोआप यायचं. बोटानं ते कांडीवर शोधावं लागे. ग्यानबा कांड्यांच्या खात्यात जाऊन बायकांवर ओरडला, की तुम्ही टोक गुंतवून ठेवता. गोदाबाई त्याला भ्याली नाही. "ओरडू नगंस. तुज्या लाईनीवर बहिऱ्यांना सवय आसंल, आमाला न्हाय. आमी शेंडी लांब सोडली आसती की. आजवर कुणी इचारलंय? कांडी घट कर, कांडी घट कर, एवढंच सांगता." ग्यानबा म्हणाला, "बाई, शेंडी सोड." त्या दिवसापासून प्रत्येक कांडीला वीतभर मोकळं टोक यायला लागलं. धोटा हातात आला की शेंडी बोटात. पुढच्या पगाराला कापड बरोबरीला आलं. मास्तरांनी सगळ्या खात्याला खाचेचे धोटे करायचं ठरवलं. ते काम मलाच मिळालं, हे खरं आहे. पण फुटलेल्या लाकडाचा विषय वेगळा.

मग सरकारी कारखाना-तपासणीचे साहेब आले. गोरे, उंच, गळ्यात टाय. मालक, मास्तर, मी, सगळे मागं. दारात ग्यानबा उभा. साहेबांकडं बघून त्यानं दोन बोटं कमरेशी नेली. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. साहेबांना कळेना. ग्यानबानं स्वतःच्या छातीवर हात ठेवून टाय आत खुपसल्यासारखं दाखवलं. साहेबांनी टायचं टोक सदऱ्याच्या आत घातलं. मग ग्यानबा म्हणाला, "जेवलास का?" मास्तरांनी ते इंग्रजीत सांगितलं नाही.

साहेबांनी धोटे पाहिले, पडवी पाहिली, खूश झाले. फाटकात फोटो काढला. मालक मध्ये, मास्तर हार घालून शेजारी, मी कडेला. ग्यानबा फोटोत नाही. लाईन चालू होती, आणि चालू लाईन सोडून तो येणार नव्हता. बोलावलंही कुणी नाही. त्या फोटोखाली कामगारांच्या आरोग्याची काळजी वगैरे लिहून तो कचेरीत लावला. मी तो जेव्हा जेव्हा पाहिला तेव्हा मला मास्तरांचा राग आला. माझं लाकूड आणि ग्यानबाची जॉबरकी, दोन्ही पणाला लागली होती. मास्तरांचं काय लागलं होतं?

पुढं ग्यानबा खोकायला लागला. एवढी वर्षं सगळ्या लाईनीचे धोटे ओठांना लावलेला माणूस. कुणी सांगण्याआधीच त्यानं स्वतःला साचेखात्याबाहेर काढलं. दारातही उभा राहीना. विठूला तिथं उभं केलं आणि दोन बोटांची खूण त्याला शिकवली. मग करकंबला जायचं ठरवलं.

मला हे कळलं तेव्हा मी स्टेशनवर गेलो. कुर्डुवाडीकडची गाडी उभी होती. तो खिडकीशी बसला होता. अंग निम्म्यावर आलेलं, डोक्यावर पहिल्यांदाच केस, पांढरे. मी चहा घेऊन खिडकीकडं निघालो तर त्यानं हात वर करून मला लांबच थांबवलं. स्वतःचा पेला दाखवला. चहावाल्या पोऱ्याला लांबून त्यात ओतायला सांगितला. पंचा तोंडावर धरून बसला, आणि मी जवळ येतोय असं दिसलं की मान हलवायचा.

फलाटावर गलका होता. एवढ्या लांबून बोललेलं ऐकू जाणार नव्हतं, आणि आवाज काढला की त्याला खोकला येत होता. त्यानं पंचा खाली घेतला आणि ओठ हलवले. आयुष्य मी साचेखात्याच्या दारात घालवलं होतं, पण ती विद्या मला कधी आली नव्हती. तरी हे कळलं. जेवलास का?

मी मान हलवली. मग काय झालं कुणास ठाऊक, माझेही ओठ हलले. आवाज न काढता मी म्हणालो, "लाकूड माझं गेलं, ग्यानबा."

त्याला वाचायला क्षण लागला नाही. तो हसला. गाडीची शिट्टी झाली. तो खिडकीच्या गजाजवळ सरकला आणि ओठांनी म्हणाला, "व्हय."

एवढ्या वर्षांत ऐकायचा राहिलेला शब्द त्यानं दिला तो असा, बिनआवाजाचा. भरल्या फलाटावर एक साक्षीदार नाही. मी कुणाला सांगितलं तर विचारतात, तुम्हाला ऐकू कसं आलं? ऐकू आलंच नाही.

गाडी हलली. मी तिच्याबरोबर चार पावलं चालायला लागलो तर त्याचा चेहरा एकदम दारातल्या जॉबरचा झाला. माझ्या खांद्याकडं बोट दाखवलं आणि दोन बोटं कमरेशी नेली. माझं उपरणं सुटून चाकांच्या बाजूला लोंबत होतं. मी थांबलो, ते ओढून कमरेला खोचलं. ते नीट खोचलेलं पाहिलं, तेव्हा कुठं त्यानं मान आत घेतली.